लातूरचे ऊन आणि सूर्याच्या गतीने चालणारे पडदे

मराठवाड्यात उन्हाळ्याचा खरा जाच भर दुपारी बारा वाजता होत नाही, तो तीन ते सहा या वेळेत होतो. पश्चिमेला खिडक्या असलेल्या घरात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. बाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर असतो आणि छज्जा आपले काम चोख करतो. दोन वाजून गेल्यावर मात्र ऊन छज्ज्याखालून आत सरकू लागते, चारपर्यंत ते खिडकीच्या अर्ध्याहून अधिक भागातून शहाबादी फरशीवर पसरते, आणि ती तापलेली फरशी मग रात्री जेवणे आटोपेपर्यंत उष्णता परत देत राहते. लातूरमधील आमच्या घराला अशा दोन मोठ्या खिडक्या आहेत, एक बैठकीच्या खोलीला आणि एक आईच्या खोलीला. मी आणि पत्नी दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतो. घरी एकटी आई असते आणि तिच्या गुडघ्यांमुळे खुर्चीवर चढून चिकाचा पडदा सोडणे तिला शक्य नाही. पडदे आपोआप चालावेत हा विचार आमच्या घरात या गरजेतून आला.

जुन्या धाब्याच्या घरांना ही अडचण नव्हती. हातभर जाडीच्या भिंती, लहान झरोके आणि वर मातीचे माळवद यांमुळे ऊन आत यायला वाटच नसे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने जाड दगडमातीच्या भिंतींवरचा विश्वास उडाला आणि आमच्या भागात विटांची, स्लॅबची, मोठ्या काचेच्या खिडक्यांची घरे झपाट्याने वाढली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. परंतु उन्हाचा बंदोबस्त जो पूर्वी भिंतच करत असे, तो आता आपल्याला वेगळा करावा लागतो, आणि घर बांधताना त्याचा विचार क्वचितच होतो.

काम सुरू करण्यापूर्वी मी खिडकीतून येणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडला. निरभ्र आकाश असताना एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडील उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण 600 वॅट एवढी सौर ऊर्जा पडते. साधी पारदर्शक काच त्यातील सुमारे 80 टक्के उष्णता आत सोडते. पाच फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकीचे क्षेत्रफळ जेमतेम 1.8 चौरस मीटर भरते, म्हणजे अशा एका खिडकीतून साडेआठशे वॅटच्या आसपास उष्णता खोलीत येते. एक टनाचा एसी खोलीतून 3,500 वॅट उष्णता बाहेर काढतो. एकाच खिडकीचे ऊन त्याच्या क्षमतेचा जवळजवळ चौथा हिस्सा खाऊन टाकते आणि अजून छत व भिंती यांचा हिशेब सुरूही झालेला नसतो.

यानंतरचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय पडदा काचेच्या आत लावायचा की बाहेर, हा होता. बाजारात दिसणारे बहुतेक रोलर पडदे आतून लावायचे असतात. ते दिसायला नेटके असतात, धुळीपासून सुरक्षित राहतात आणि बसवायलाही सोपे जातात. परंतु काच ओलांडून आत आलेले ऊन पडद्याच्या कापडात शोषले गेले की ती उष्णता खोलीतच राहते. पांढऱ्या पाठीचा पडदा तिच्यातील काही भाग काचेतून परत बाहेर फेकतो, गडद पडदा तेवढेही करत नाही. काचेबाहेर लावलेला जाळीदार स्क्रीनचा पडदा स्वतः तापतो, पण त्याची उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते आणि खिडकीवर येणाऱ्या उन्हापैकी पाऊण हिश्शाहून अधिक भाग आत पोहोचतच नाही. म्हणून पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांना बाहेरून, छज्ज्याच्या खाली आणि ग्रिलच्या पुढे पडदे लावायचे, आणि दक्षिणेच्या खिडकीला आतून हलका पांढरा पडदा पुरेसा आहे, असे ठरले.

बाहेरच्या पडद्याच्या बाजूने आणखी एक कारण होते, आणि मराठवाड्यात ते विसरून चालत नाही. आमच्याकडे बहुसंख्य घरांत एसी नसून कूलर आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत ढकलतो, त्यामुळे तेवढीच हवा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जाण्यास वाट लागते. ती मिळाली नाही तर तासाभरात खोली दमट होते आणि अंगाला चिकचिक सुटते. आतला पडदा खाली सोडून खिडकी उघडी ठेवली, तर तो वाऱ्याने फडफडतो आणि हवेची वाटही अडवतो. बाहेरचा पडदा मात्र भिंतीपासून वीतभर अंतरावर राहतो. काचेचे सरकते पल्ले उघडे ठेवले तरी ऊन अडते आणि कूलरची हवा पडद्याच्या कडांनी व खालच्या मोकळ्या जागेतून निघून जाते. यासाठी पडद्याची खालची मर्यादा मी मुद्दाम कट्ट्याच्या थोडी वर ठेवली.

बचतीचा विषय निघाला की सर्व जण विजेच्या बिलाबद्दल बोलतात. लातूरमध्ये मात्र पाण्याचा हिशेब आधी करावा लागतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. पहिल्या गाडीत दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते, आणि मांजरा धरणाच्या तळाशी भेगाळलेली माती त्या वर्षी आम्ही सर्वांनी पाहिली. मोठा कूलर कडक कोरड्या हवेत तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी सहज पितो. खोलीत उष्णता कमी असली म्हणून तो पाणी कमी पितो असे नव्हे, कारण त्याचे पाणी हवेच्या प्रवाहावर आणि कोरडेपणावर खर्च होते. त्यामुळे पाणी वाचवायचे असेल तर कूलर चालण्याचे तासच कमी व्हायला हवेत. ऊन काचेबाहेर अडवल्याने कूलर दीडऐवजी साडेतीनला लावून भागले, तर एका दुपारी दोन बादल्यांच्या जवळपास पाणी वाचते. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचे सर्वांत सबळ समर्थन हेच होते.

मोटार निवडताना दोन पर्याय समोर होते. एक बॅटरीवर चालणारी लहान मोटार, जिला भिंतीतून तार आणावी लागत नाही, आणि दुसरी घरच्या 230 व्होल्ट विजेवर चालणारी नळीच्या आकाराची मोटार, जी पडद्याच्या गुंडाळीच्या नळीतच बसते. बॅटरीची मोटार बसवणे फार सोपे असते. तिला चार्ज करणारी छोटी सौरपट्टीही मिळते. तरीही पश्चिमेच्या खिडकीसाठी मी ती नाकारली. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते, आणि लातूरच्या मे महिन्यात उन्हात असलेल्या पडद्याच्या पेटीतील तापमान याहून पुष्कळ वर जाते. ज्या महिन्यांत पडद्याची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच महिन्यांत बॅटरी झिजणार असेल तर तो सौदा परवडणारा नाही. दक्षिणेच्या खिडकीला आतून, सावलीत असलेल्या पेटीत बॅटरीची मोटार चालू शकते आणि तेथे मी तीच लावली.

मोटारीच्या ताकदीचा हिशेब साधा आहे. कापड आणि खालची ॲल्युमिनियमची पट्टी मिळून वजन तीन किलोच्या आसपास असते आणि नळीची त्रिज्या अडीच सेंटिमीटर धरली, तर लागणारे पीळबल (टॉर्क) एक न्यूटन-मीटरपेक्षाही कमी भरते. तरी बाहेरच्या पडद्यासाठी मी सहा न्यूटन-मीटरची मोटार घेतली, कारण वाऱ्याने ताणलेले कापड आणि बाजूच्या मार्गदर्शक तारांचे घर्षण या हिशेबात धरलेले नसते. पडद्याच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत स्टीलच्या ताणलेल्या तारा आहेत आणि खालची पट्टी त्यांवरून सरकते. आमच्या भागातील वाऱ्यात अशा आधाराशिवाय बाहेरचा पडदा टिकणे अशक्य आहे.

वायरिंगचे काम आमच्या नेहमीच्या वायरमनने केले. त्याने पहिल्याच दिवशी बोर्ड उघडून सांगितले, “सर, या बोर्डात न्यूट्रल आलेलीच नाही, ती वरून ओढावी लागेल.” जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी हीच स्थिती असते. बटणापर्यंत फक्त फेजची तार आणि तिची परती येते, तर पडदा चालवणाऱ्या रिले मोड्यूलला, म्हणजे आज्ञा मिळताच वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या यंत्राला, स्वतः चालू राहण्यासाठी न्यूट्रल लागते. मोटारीकडे चार तारा जातात, न्यूट्रल, अर्थिंग, वर जाण्याची आणि खाली येण्याची. यातील शेवटच्या दोन तारांना एकाच वेळी वीज मिळता कामा नये, नाहीतर मोटारीतील तारेचे वेटोळे जळू शकते. म्हणून पंख्या-दिव्याची साधी दोन बटणे येथे चालत नाहीत, एक दाबले की दुसरे आपोआप सुटणारे बटण किंवा पडद्यांसाठीच बनवलेले मोड्यूल लागते. याच कारणाने दोन मोटारी समांतर जोडून एका बटणावर चालवू नयेत. एका मोटारीने मर्यादेवर, म्हणजे पडदा थांबण्याच्या ठरलेल्या जागी, वीज तोडली की दुसरीच्या वेटोळ्यातून उलटी वीज तिच्याकडे येऊ शकते. बाहेरची वायर उन्हात तडकू नये यासाठी ती पाइपमधून नेली आणि पेटीत शिरण्याआधी तिला खाली वळसा दिला, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून आत न जाता वळशाच्या तळाशी ठिबकते.

वरची आणि खालची मर्यादा ठरवताना एक गोष्ट माहीत असणे उपयोगी पडते. या मोटारी साधारणपणे सलग चार मिनिटे चालण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्यापुढे आतील उष्णता-संरक्षण त्यांना थांबवते. मर्यादा जुळवताना पडदा पुन्हा पुन्हा वरखाली करावा लागतो, त्यामुळे दुपारी हे काम केले तर मोटार मध्येच थांबते आणि बिघाड झाला असे वाटते. सकाळच्या थंड वेळी हे काम निवांत होते.

आता पडदा केव्हा उतरावा आणि केव्हा चढावा, हा मूळ प्रश्न. सर्वांना प्रथम सुचतो तो तापमानाचा नियम, की खोली 34 अंशांवर गेली की पडदा खाली यावा. हा नियम ऐकायला पटतो, पण तो उशिरा जागा होतो. खोलीची हवा तापते तेव्हा ऊन आत येऊन फरशीत मुरलेले असते, आणि नंतर पडदा सोडून ते परत बाहेर जात नाही. दुसरा नियम घड्याळाचा, की रोज दीड वाजता पडदा उतरावा. तो मे महिन्यात चालतो, पण डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जूनमध्ये सातला, त्यामुळे घड्याळाच्या वेळा वर्षभर बदलत बसाव्या लागतात. आकाशातील सूर्याचे स्थान हाच खरा आधार आहे. अक्षांश, रेखांश आणि वेळ माहीत असेल तर सूर्याचा उन्नतांश (क्षितिजापासून उंचीचा कोन) आणि दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला दिशेचा कोन) कोणत्याही क्षणी गणिताने काढता येतो. होम असिस्टंट ही घरातील उपकरणे चालवणारी मुक्त आज्ञावली (सॉफ्टवेअर) हे गणित स्वतःच करते आणि इंटरनेट बंद असले तरी करते. घरातील एका छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर मी ती चालवतो आणि पडद्यांची मोड्यूल झिगबी या बिनतारी जोडणीवरून तिच्याशी बोलतात.

येथे आपल्या अक्षांशाचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. लातूर 18.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला नसून उत्तरेला असतो, आणि या काळाच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस असा येतो की माध्यान्ही उभ्या काठीची सावली पडत नाही. युरोप-अमेरिकेतील लोकांनी लिहिलेले तयार नियम सूर्य दुपारी दक्षिणेला असतो असे गृहीत धरतात. ते जसेच्या तसे घेतले तर आपल्याकडे मेअखेर पडदे भलत्याच वेळी हलतात, कारण माध्यान्हीच्या आसपास दिगंश काही मिनिटांत पूर्वेकडून उत्तरेवरून पश्चिमेकडे झेपावतो. दक्षिणेच्या खिडकीवर या काळात थेट ऊन येतच नाही, तेव्हा तिचा पडदा दुपारभर वर ठेवून उजेड घेता येतो. उलट उत्तरेच्या खिडक्यांवर सकाळ-संध्याकाळ ऊन पडते. पश्चिमेच्या खिडक्यांसाठी मी नियम असा ठेवला, की दिगंश 180 पेक्षा जास्त, म्हणजे माध्यान्ह टळलेली, आणि उन्नतांश 70 अंशांच्या खाली आला की पडदा उतरावा, आणि सूर्य मावळताच तो पूर्ण वर जावा. छज्जा साधारण दीड फुटाचा असल्याने 70 अंशांपर्यंत चार फूट उंचीची खिडकी त्याच्या सावलीत राहते. आपल्या छज्ज्याची रुंदी मोजून हा कोन प्रत्येकाने आपापला काढावा.

सूर्यास्तानंतर पडदा वर जाणे हे दुपारी खाली येण्याइतकेच मोलाचे आहे. बालाघाटच्या पठारावर उन्हाळ्यातही रात्रीची हवा बऱ्यापैकी उतरते, आणि दिवसभर तापलेला स्लॅब थंड व्हायचा असेल तर खिडक्या मोकळ्या हव्यात. हाताने सोडलेले पडदे रात्रभर तसेच राहतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

या नियमाला उजेडाच्या सेन्सरची जोड दिली आहे. ढगाळ दुपारी, विशेषतः मृगाचे ढग येऊ लागले की, पडदा उतरून घरात अंधार करण्याचे काही कारण नसते. मात्र ढग एकामागून एक सरकत असताना पडदा दर दोन मिनिटांनी वरखाली होऊ नये, म्हणून उजेड पंधरा मिनिटे सलग कमी राहिल्याशिवाय तो वर जात नाही.

वाऱ्याचा नियम मात्र बाकी सगळ्या नियमांच्या वर आहे. एप्रिल-मेमधील वळवाची वावटळ आणि तिच्यासोबत येणाऱ्या गारा आमच्याकडे नव्या नाहीत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्याची जी दैना केली ती शेतकरी विसरलेले नाहीत. गच्चीवर फिरत्या वाट्यांचा वाऱ्याचा सेन्सर बसवला आहे. वारा ताशी 30 किलोमीटरच्या वर गेला की बाहेरचे पडदे लगेच वर जातात आणि वारा पडल्यावर अर्धा तास तरी खाली येत नाहीत. यात अडचण अशी, की वादळात सर्वांत आधी वीज जाते, म्हणजे पडदा वर घेण्याची निकड असते नेमक्या त्याच क्षणी मोटारीला वीज नसते. त्यामुळे बाहेरच्या मोटारी, सेन्सर आणि संगणक हे सर्व इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर अशा मोटारी घरघरतात आणि जास्त तापतात. संगणकाला बटनसेलवर चालणारे वेगळे घड्याळ जोडले आहे. रास्पबेरी पायच्या जुन्या प्रकारांत स्वतःचे घड्याळ नसते, आणि वीज व इंटरनेट दोन्ही गेल्यावर ते चुकीच्या वेळेने सुरू होतात. मग सूर्याचे सारे गणितही चुकते.

आईची अट मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी होती. ती म्हणाली, “तुम्ही काहीबी बसवा, पण मला फोनवर बोटं फिरवायला लावू नका, अन् मी वर केलेला पडदा लगेच खाली आलेला मला चालणार नाही.” तिची अट मला शंभर टक्के योग्य वाटली. तिच्या पलंगाजवळ वर, खाली आणि थांबा अशी साधी बटणे लावली. तिने बटण दाबले की पुढचे तीन तास उन्हाचा नियम गप्प राहतो, फक्त वादळाचा नियम चालू असतो. घरात राहणाऱ्या माणसाचा शब्द यंत्राच्या वर असला पाहिजे. तसे झाले नाही तर थोड्याच दिवसांत सगळे बंद करून टाकण्याची पाळी येते.

पहिल्याच उन्हाळ्यात फरक जाणवला. दुपारी चार वाजता आईच्या खोलीचे तापमान पूर्वीपेक्षा तीन अंशांच्या आसपास कमी राहू लागले आणि संध्याकाळी फरशी पायाला चटके देईनाशी झाली. कूलर तीननंतर लावणे पुरते, आणि कडक लाटेचे काही दिवस सोडले तर तो पहिल्या वेगावर ठेवून भागते. विजेची बचत कूलरच्या घरात माफकच असते, कारण खोलीचा कूलर मुळातच दोनशे वॅटच्या आसपास घेतो. एसी असलेल्या घरात हिशेब वेगळा होतो. एका पश्चिमेच्या खिडकीतून दुपारच्या चार तासांत सरासरी 600 वॅटने येणारी उष्णता धरली आणि तिच्यातील पाऊण भाग अडवला, तर 1.8 युनिटएवढी उष्णता कमी होते. एसी एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे एका खिडकीमागे दिवसाला 0.6 युनिट वीज वाचते. महावितरणचे दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातात, त्यामुळे उन्हाळ्यात वरच्या टप्प्यात जाणाऱ्या घराला ही वाचलेली युनिटे सर्वांत महाग दराची असतात.

या व्यवस्थेचा स्वतःचा वीजखर्चही मोजायला हवा. मोटार जेमतेम सव्वाशे वॅटची असते आणि दिवसातून दोन-चार वेळा काही सेकंद चालते, तो खर्च नगण्य आहे. मोड्यूल मात्र चोवीस तास जागे असते. एक वॅटचे मोड्यूल महिन्याला पाऊण युनिटच्या आसपास घेते, म्हणजे मोटारीच्या हालचालीपेक्षा तिची वाट पाहण्यातच जास्त वीज जाते. संगणकाचे काही वॅट वेगळे. म्हणून प्रत्येक खिडकीला मोटार लावण्याचा आग्रह मी धरला नाही. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी हातानेच चालते, कारण सकाळी तेथे कोणी ना कोणी उभे असतेच.

हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीचा नियम उलटा होतो. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य 48 अंशांपर्यंतच चढतो, ऊन छज्ज्याखालून खोल आत येते, आणि लातूरच्या गार सकाळी ते हवेहवेसे असते. नोव्हेंबर ते जानेवारी तो पडदा सूर्य वर आला की उघडतो आणि मावळला की बंद होतो, म्हणजे आत साठलेली ऊब काचेतून कमी जाते. बाहेरचे पडदे पाऊस सुरू झाला की गुंडाळून पेटीत ठेवतो आणि दसऱ्यानंतर तारांवरची काळ्या मातीची धूळ ओल्या फडक्याने पुसतो. तारांना तेल लावणे टाळतो, कारण तेलावर धूळ चिकटून पट्टी अडकू लागते. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा सर्व पडदे वरखाली करून मर्यादा जागेवर आहेत ना, हे तपासून घेतो, म्हणजे मार्चच्या उन्हाला ते तयार असतात.